कातरवाली काकू आणि घोंगड्याचा राक्षस

बिरदेव आप्पा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. का ठेवत नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारल्यावर सांगतील तर ते आप्पा कसले.

शहाजीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, जुळे सोलापुरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा म्हाताऱ्याच्या पायात दम होता. दिवसातून दोनदा जिना चढायचे-उतरायचे आणि वर पोराला ऐकवायचे, "माळावर हिंडल्याली हाडं हायती ही." मग गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला, लिफ्ट आप्पांनी आधीच बंद केलेली, आणि माणूस मधल्यामध्ये अडकला. आठ महिने त्यांच्या पायाला माती लागली नव्हती. गॅलरीचे गज धरून खालच्या रिक्षा बघायच्या, भाजीवाल्याशी वरूनच भांडायचं आणि चहा गार झाला म्हणून घर डोक्यावर घ्यायचं, हाच उद्योग. पासष्टीचा, सहा फुटी, एके काळी कुस्त्या मारलेला धनगर गडी. पण न्हाणीची कडी लावायचा नाही, सदऱ्याचं गळ्याचं बटण लावायचा नाही, आणि कडाक्याच्या थंडीतही तोंडावरून पांघरूण घ्यायचा नाही. बायको मायाक्का होती तोवर ती न बोलता न्हाणीच्या दाराशी उभी राहायची. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

एका दुपारी नात ऋतुजा कॉलेजातून आली ती हसतच. पोरीला आजोबांशी बोलायला वेळ असायचा, घरात तेवढ्या एकटीलाच.

"आप्पा, हे बघा की. आपल्या सोलापूरचा जुना पिक्चर सापडलाय. हिप्परग्याच्या तळ्यावर काढलेला. लई भंगार आहे, पब्लिक हसून मरतंय."

पिक्चरचं नाव 'ग्रहावरचा गनीम'. आकाशातून एक दगड तळ्यात पडतो, त्यातून राक्षस निघतो, गावात हैदोस घालतो, आणि शहरातून आलेला शास्त्रज्ञ पृथ्वी वाचवतो, एवढीच गोष्ट. चाळीस वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओच्या मालकानं हौसेनं काढला, तंबूत चार दिवस चालला आणि मेला. परवा तो स्टुडिओ पाडताना माळ्यावर पत्र्याच्या डब्यात रिळं निघाली. संगमेश नावाच्या एका पोराला जुन्या पिक्चरचं वेड, त्यानं ती धुऊन-पुसून आपल्या चॅनलवर टाकली. आणि बघणारे तुटून पडले.

ऋतुजा एकेकाची मतं वाचून दाखवू लागली. 'उडती तबकडी म्हणजे परात आहे, कडेला कणीक चिकटलेली दिसते.' 'शास्त्रज्ञाच्या टेबलावर शेंगाचटणीची बरणी. हाच खरा सोलापुरी शोध.' 'हा राक्षस आहे की वाळत घातलेलं घोंगडं?' 'एकेचाळिसाव्या मिनिटाला राक्षस नाचतो, चुकवू नका.' त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अबे गर्मी होरी उसको, जाने दो बिचारे को.' आणि सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं मत होतं, 'पृथ्वीला वाचवणारी एकमेव व्यक्ती: कातरवाली काकू.'

आप्पा तोवर गजाकडं तोंड करून बसले होते. ते वळले. "कोण काकू?"

ऋतुजानं एकेचाळिसावं मिनिट लावलं. तळ्याच्या काठी अस्वलासारखा एक केसाळ राक्षस दोन्ही हात डोक्यावर नेऊन डावीकडून उजवीकडं फिरवतो. एकदा, दोनदा, तीनदा. मग मागच्या बांधावरून काष्टा घातलेली एक काटकुळी बाई सुसाट पळत येते, हातात मेंढरं कातरायची लांब कातर, आणि ती थेट राक्षसाच्या गळ्याला हात घालते. तिथंच चित्र तुटतं. पुढच्या प्रसंगात शास्त्रज्ञ रेडिओवर सांगतो की राक्षस पृथ्वीची हवा न सोसून मेला. बाईचं सगळं मिळून चार सेकंदांचं काम.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

तिनं परत लावलं. मग परत. आठव्यांदा लावताना तिचं हसू गेलं, कारण आप्पा पडद्यावरच्या त्या बाईला बोटानं शिवू बघत होते. घरात मायाक्काचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात ती भ्यालेली दिसायची. चालती-फिरती, पळणारी मायाक्का जगात आता एवढ्या चार सेकंदांत शिल्लक होती.

"कोण आहे ती, आप्पा?"

"तुजी आज्जी."

"आणि राक्षस?"

आप्पांनी गळ्याशी हात नेला. "मी," म्हणाले, आणि उठून आत गेले.

आता ही गोष्ट गावाकडच्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होती, खोटं कशाला बोला. शहाजीलाही ठाऊक होती. शाळेत पोरं त्याला 'राक्षसमारीचा' म्हणून चिडवायची. बिरदेवाची बायको अडाणी, नवऱ्याला ओळखलं नाही, खरा राक्षस समजून कातर घेऊन धावली आणि पिक्चरचा खेळ नासवला, असं लोक सांगायचे आणि हसायचे. मायाक्काही ऐकून घ्यायची. जत्रेत, लग्नात, बारशात हा किस्सा निघायचाच, आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसून पान लावायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आप्पांनी ती चाळीस वर्षं झाकली.

खरं काय झालं ते असं. त्या उन्हाळ्यात त्यांचा मेंढरांचा तळ हिप्परग्याच्या बाजूला पडला होता. स्टुडिओवाल्याला राक्षसासाठी उंच माणूस हवा होता आणि केसाळ कातडं हवं होतं. बिरदेवाच्या तळावर दोन्ही मिळालं. मायाक्कानं जुनी चार घोंगडी जोडून अंगरखा शिवला, कोंबड्या झाकायच्या डालग्यावर लोकर चढवून डोकं केलं. पण राक्षस मरगळलेला दिसायला लागला. तेव्हा ती म्हणाली, खळ देऊ या. घोंगडं ताठ राहावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात, तशी तिनं दोन हात दाट खळ दिली, आणि राक्षस नुसता उभा ठेवला तरी उभा राहू लागला. सगळे खूश. मेंढपाळाच्या बाईला खळ कळते. पण खळ दिलेल्या घोंगड्यात माणूस शिवायचा, तो तळ्यात बुचकळायचा आणि मग वैशाखाच्या उन्हात उभा करायचा, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं.

सकाळी बिरदेवाला आत घालून पाठ दाभणानं आणि सुतळीनं शिवायचे, सायंकाळी उसवायचे. त्या दिवशी त्याला तीनदा पाण्यातून बाहेर काढला. मग कॅमेरा अडला म्हणून दोन तास उन्हात बसवला. लोकर आटली, खळ दगडासारखी झाली. हात कोपरात वाकेनात. छाती फुगवायला जागा उरली नाही. डालग्याचं श्वासाचं भोक चिकटून बसलं. तो ओरडला, पण चार घोंगड्यांतून बाहेर आली ती नुसती घरघर, आणि डायरेक्टर म्हणाला, वा, गडी आवाजही काढतोय, चालू द्या. तीस माणसं समोर उभी, आणि आत माणूस मरतोय हे एकालाही कळेना.

माळावर वारं असलं की हाक पोचत नाही. तेव्हा मेंढका खांद्यावरचं घोंगडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तीनदा फिरवतो. म्हणजे, अडकलोय, पळत ये. बिरदेवानं उरलासुरला जोर लावून ते केलं. मायाक्का बांधावर बाभळीखाली मेंढरू कातरत होती. तिनं वर्षाच्या शहाजीला तिथंच मातीत सोडलं आणि ती पळाली.

हे आप्पांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षांचा पैलवान, घोंगड्यात गुदमरून बायकोला हाका मारत होता, हे सांगायचं कसं. आणि एकदा नाही सांगितलं की दुसऱ्यांदा सांगणं जड जातं. घोंगड्यातून ते सुटले, या गप्प बसण्यातून सुटले नाहीत.

आठ दिवसांनी ऋतुजा नवी बातमी घेऊन आली. संगमेश पिक्चरची साफसूफ केलेली आवृत्ती काढणार होता. तीच चॅनलवर राहणार, जुनी उतरवणार. लोकांचं म्हणणं पडलं होतं की पिक्चर दिसतो तितका वाईट नाही. एकानं तर लिहिलं होतं, 'हसू नका. राक्षसाचे हात बघा. हा माणूस नाचत नाही, माझ्या अंगावर काटा आला.' तेव्हा ती काकू तेवढी कापली तर राक्षसाचं मरण खरंखुरं वाटेल, असं निम्म्या लोकांचं मत. आणि काकू गेली तर हसायचं कशाला, ठेवा तिला, असं बाकीच्यांचं. संगमेशनं जाहीर केलं होतं, रविवारी अकराला वाचनालयाच्या तळमजल्याच्या हॉलमध्ये दोन्ही तऱ्हा दाखवू, बघणाऱ्यांनी हात वर करून ठरवायचं.

"कापणार म्हंजे? तिला काडून टाकणार?" आप्पांनी विचारलं.

"चार सेकंद तर आहेत, आप्पा."

"तू लिव्ह त्यांला. लिव्ह की त्या बाईनं राक्षसाचा जीव वाचवला."

ऋतुजानं लिहिलं. खाली हसणारी तोंडं पडली साठ-सत्तर. 'राक्षसाचा जीव? काकू कोणत्या ग्रहावरच्या?' असं कुणी विचारलं. आप्पांना पुढं काय लिहायला सांगावं ते सुचेना, आणि जे सुचत होतं ते नातीपुढं तोंडातून निघेना.

शहाजीच्या कानावर गेलं तेव्हा तो जेवत होता. सरकारी ऑफिसात क्लार्क, बोलणं मोजकं. "कापू दे त्यांना," तो म्हणाला. "ठेवलं तरी हसायलाच ठेवणार न्हवं? माझ्या आईला माणसं आयुष्यभर हसली तेवढी बास झाली. आता तरी सुटू दे तिला." आणि ताट सारून उठला.

पोराचं चुकत नव्हतं, तेच तर आप्पांच्या जिव्हारी लागलं. ठेवली तर अडाणी म्हणून राहणार, कापली तर नाहीशी होणार. तिसरी वाट होती, ती आप्पांच्या तोंडातून जात होती, आणि ते तोंड चौथ्या मजल्यावर होतं.

गुरुवारी ऋतुजाला घेऊन ते लिफ्टपाशी गेले. दार उघडलं, आतला दिवा लागला. पत्र्याची खोली, माणूसभर रुंद. आप्पांनी एक पाय आत टाकला, आणि त्यांना ओल्या लोकरीचा वास आला. दार सरकायला लागलं तसे ते असे मागं आले की ऋतुजाच पडता पडता वाचली. शेजारच्या बाई दार उघडून बघू लागल्या. आप्पांनी त्यांना विनाकारण दोन शब्द सुनावले आणि घरात येऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

रविवारी सकाळी शहाजी मटण आणायला गेला. आप्पांनी ट्रंकेतून मायाक्काची कातर काढून पिशवीत घातली, सदऱ्याची वरची तीन बटणं सोडली आणि ऋतुजाला म्हणाले, "चल."

"आप्पा, नक्की?"

"इचारू नगंस. इचारलंस की बसंन."

लिफ्टचं दार बंद झालं. आप्पांनी डोळे मिटले नाहीत, मिटले असते तर तळं दिसलं असतं. ते दारावरच्या लाल आकड्याकडं बघत राहिले. तीन. छातीवर कुणीतरी बसलं. दोन. ऋतुजा काहीतरी बोलत होती, ते घोंगड्याबाहेरून आल्यासारखं ऐकू येत होतं. त्यांनी पिशवीवरून कातरीचा आकार चाचपला आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला. एक. मग दार उघडलं आणि समोर पार्किंग, ऊन, कुणाची तरी स्कूटर. आप्पा पायरीवर बसून भराभरा श्वास घेऊ लागले. आठ महिन्यांनी माती पायाखाली होती, पण तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं, बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी. पहिल्यांदा काकू कापलेली तऱ्हा दाखवली. राक्षस हात फिरवतो आणि अंधार होतो. पोरं गप्प झाली, कुणी टाळ्याही वाजवल्या. मग काकूसकट. बांधावर ती दिसल्याबरोबर हॉल हसायला लागला. भिंतभर मोठी झालेली मायाक्का पळत येत होती आणि पन्नास माणसं हसत होती. फोनवर दिसलं नव्हतं ते आप्पांना पडद्यावर दिसलं. ती पळताना रडत होती.

संगमेश पुढं आला. विशी-बाविशीचा, अदबीनं बोलणारा पोरगा. "आता हात वर करायचे. काकू कापावी असं ज्यांना..."

"थांब," आप्पा उभे राहिले. गुडघा कडकन वाजला. "आदी माजं ऐका. मी त्यो राक्षस."

पुन्हा थोडं हसू झालं. मग म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि डावीकडून उजवीकडं फिरवले. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्याला हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

त्यांनी सांगितलं. खळीचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, श्वासाच्या भोकाचं सांगितलं. "तुमी नाच म्हंता त्यो नाच न्हवं. मी मरत हुतो. तीस जणांच्या फुडं मरत हुतो. तिला वळखू आलं, कारण ती माज्याकडं बगत हुती. बाकीचे राक्षसाकडं बगत हुते. ती माजी बायकू. मायाक्का तिचं नाव. भ्याली न्हवती ती." पिशवीतून कातर काढून त्यांनी दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या वाजवल्या, आणि आप्पांना वाटलं, झालं, आता बसावं.

पुढच्या रांगेत चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिनं सरळ मनानं विचारलं, "मग आजोबा, बाहेर आल्यावर तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

आप्पा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. इतकी वर्षं ते ज्याला भीत आले होते ते हेच होतं, लिफ्ट नव्हे. दार बंद झालं होतं आणि आत ते एकटे होते. काहीही सांगता आलं असतं, खोटं धरायला कोण उरलं होतं.

"समदी हसाय लागली," ते हळू म्हणाले. "एक जण म्हणला, बाई, खरा राक्षस वाटला का काय? मी चिखलात पडल्यालो. पैलवान गडी. मला लाज वाटली. मी म्हणलो, येडी हाय ती, भ्याली आसंल. तिच्या तोंडावर म्हणलो. समदा खेळ नासवलास म्हणलो. ती भ्याली ही गोष्ट लोकांनी न्हाय काडली. मी काडली. तिनं कातर पदराला पुसली, पोरगं उचललं आन् गेली. त्याच्यावर एक शबुद बोलली न्हाय मरंपातुर. न्हाणीच्या दाराशी मातुर उबी ऱ्हायची."

ती मुलगी खाली बघू लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि वाजवायसारखं त्यात काही नव्हतंच.

संगमेशला मताचं काय करावं कळेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "ठेवा तिला." शहाजी उभा होता. घरी कुणी नाही बघून शेजाऱ्यांना विचारत आला होता, मटणाची पिशवी तशीच हातात. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं हात वर केला तो पिशवीसकट केला. मग बाकीचे हात वर झाले. संगमेशनं ते मोजलेही नाहीत.

घरी जाताना लिफ्टपाशी आप्पा थबकले. शहाजी आधी आत शिरला, दार पायानं अडवून उभा राहिला आणि म्हणाला, "या." बापाकडं त्यानं बघितलं नाही. आप्पा आत गेले. शहाजीनं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. शहाजी बोलायला किती दिवस घेणार होता ते आप्पांना माहीत नव्हतं, आणि त्याला घाई कर म्हणायचा त्यांना हक्कही नव्हता.

जेवणं झाल्यावर ऋतुजा फोन घेऊन शेजारी बसली. संगमेशनं निरोप धाडला होता, आजोबांनी स्वतः पिक्चरखाली लिहावं, ते सगळ्यात वर लावतो.

आप्पांनी खुर्ची गजापासून वळवून तिच्याकडं केली. "लिव्ह," ते म्हणाले. "राक्षसाच्या आत मी हुतो, बिरदेव. कातरवाल्या बाईचं नाव मायाक्का. ती भ्याली न्हवती, मी भ्यालतो."

"झालं?"

"पिच्चर कसा हाय ती बी लिव्हायचं आसतं की. लोक लिव्हत्यात तसं."

"कसा आहे, लिहू?"

"राक्षसाचं काम वाईट झालंय," आप्पा म्हणाले. "बाईनं तेवढं चांगलं केलंय."

ऋतुजानं शब्दाला शब्द तसंच लिहिलं आणि पाठवलं.